नशेतील तलाक : शिक्षा नेमकी कोणाला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या घरी बहुधा व्यसनी माणूस नसावा. ज्या बाईचा नवरा दारूच्या, गांजाच्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेला आहे, तिला कधी ना कधी ती पायरी चढावीच लागते. कधी पोटगीसाठी, कधी मारहाणीसाठी, कधी मुलांसाठी, तर कधी आपण अजून त्याची बायको आहोत की नाही एवढेच विचारण्यासाठी.

शेवटचा प्रश्न ऐकावयास विचित्र वाटेल. परंतु मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात तो अनेक शतके विचारला गेला आहे. नवऱ्याने नशेत 'तलाक' हा शब्द उच्चारला, सकाळी शुद्धीवर आला आणि म्हणाला, 'मला काही आठवत नाही', तर विवाह टिकला की तुटला? राज्यशास्त्राच्या तासाला घटनेतील पंचविसावे, चव्वेचाळिसावे आणि सत्तेचाळिसावे कलम शिकत असताना मला हा प्रश्न पडला. पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देते, चव्वेचाळिसावे समान नागरी कायद्याचा विचार सांगते आणि सत्तेचाळिसावे मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सुचविते. नशेतील तलाकाच्या प्रश्नात ही तिन्ही कलमे एकाच घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहतात.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. तरीही इस्लामी विधिशास्त्र नशेविषयी कसा विचार करते, आपल्या न्यायालयांनी त्या विचाराचे काय केले आणि त्यातून व्यसनी माणसाच्या बायकोच्या पदरात काय पडले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. द्राक्षाच्या मद्यापासून गांजापर्यंत

इस्लामी कायद्याचे चार प्रमुख आधार सांगितले जातात : कुराण, पैगंबरांची वचने व आचरण म्हणजे सुन्ना, विद्वानांचे एकमत म्हणजे इज्मा आणि सादृश्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे कियास. यांपैकी कियास समजावून सांगताना जे उदाहरण नेहमी दिले जाते ते नेमके नशेचेच आहे.

कुराणात मद्याचा उल्लेख टप्प्याटप्प्याने येतो. दुसऱ्या अध्यायात मद्य आणि जुगार यांत लाभापेक्षा पाप मोठे आहे असे सांगितले आहे. चौथ्या अध्यायात, आपण काय बोलतो हे कळत नसेल अशा नशेच्या स्थितीत प्रार्थनेजवळ जाऊ नका, असा आदेश आहे. पाचव्या अध्यायात मद्यापासून सर्वस्वी दूर राहण्याची आज्ञा येते. तेथे वापरलेला शब्द 'खम्र' हा आहे. त्याचा धात्वर्थ झाकणे असा असून डोके झाकण्याच्या वस्त्राला जो 'खिमार' शब्द आहे, तो त्याच धातूपासून झाला आहे. बुद्धीला जे झाकते ते खम्र, अशी व्याख्या दुसरे खलिफा उमर यांनी केल्याचे सांगितले जाते.

आता प्रश्न असा की, द्राक्षाच्या मद्याला जो नियम लागू झाला, तो खजुराच्या, मधाच्या किंवा धान्याच्या मद्याला लावावयाचा काय? येथे कियासची पद्धत अशी : मूळ नियम कोणत्या कारणासाठी आहे ते प्रथम शोधावयाचे. या कारणाला 'इल्लत' म्हणतात. मद्यबंदीची इल्लत द्राक्ष ही नसून नशा ही आहे. म्हणून जेथे नशा आहे तेथे तोच नियम. इमाम अबू हनीफा यांनी द्राक्षाच्या मद्यात आणि इतर पेयांत काही फरक केला होता. परंतु त्यांचेच शिष्य इमाम मुहंमद यांनी सर्व मादक पेये निषिद्ध मानली आणि पुढे हनफी पंथात त्यांचेच मत प्रचलित झाले.

तेराव्या शतकात हशीश, म्हणजे भांग-गांजाच्या जातीचा पदार्थ, मुस्लिम जगात फार पसरला. तो पिण्याचा पदार्थ नव्हता व कुराणात त्याचे नाव नव्हते. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी मद्यपानाला जी ठराविक शिक्षा आहे तीच हशीशलाही द्यावी असे मत मांडले. इतर अनेक विद्वानांनी हशीश निषिद्ध मानला, पण त्याची शिक्षा काजीच्या विवेकावर सोपविली. ठराविक शिक्षेला 'हद्द' म्हणतात आणि न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेल्या शिक्षेला 'ताझीर' म्हणतात. मादक पदार्थांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. कारण ताझीरमध्ये माणूस, प्रसंग आणि परिणाम पाहून कमीअधिक करण्यास जागा राहते.

मद्यपानाच्या ठराविक शिक्षेबाबतही सर्व विद्वान एकमत नव्हते. पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळी चाळीस फटके मारीत, उमर यांच्या काळी ते ऐंशी झाले. त्यामागे अली यांनी दिलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. माणूस प्याला की बरळतो, बरळला की दुसऱ्यावर खोटे आळ घेतो आणि खोट्या आळाची शिक्षा ऐंशी फटके आहे. म्हणून मद्यपानालाही ऐंशी. शाफिई पंथाने मात्र चाळीस हाच आकडा धरला. म्हणजे, जो कायदा बाहेरून दगडात कोरल्यासारखा दिसतो, त्याच्या आत युक्तिवाद, मतभेद आणि काळानुसार बदल हे सर्व आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

२. नशेत निघालेला शब्द

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाराव्या शतकातील बुऱ्हानुद्दीन मरगीनानी (मृत्यू ११९७) यांचा 'हिदाया' हा हनफी पंथाचा अत्यंत मान्य ग्रंथ. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने त्याचे भाषांतर झाले आणि चार्ल्स हॅमिल्टनने ते १७९१ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीश मुस्लिमांचे खटले चालविताना पुष्कळदा याच भाषांतराचा आधार घेत.

हिदायाचे मत असे की, स्वखुशीने नशा केलेल्या माणसाने दिलेला तलाक लागू होतो. त्याचे कारणही ग्रंथात दिले आहे. या माणसाची बुद्धी पापकर्मामुळे गेली आहे. म्हणून त्याला धाक बसावा यासाठी कायदा त्याची बुद्धी शाबूत आहे असे मानतो. म्हणजे बुद्धी प्रत्यक्षात गेलेली आहे हे ग्रंथकाराला ठाऊक आहे. पण शिक्षा म्हणून ती आहे असे गृहीत धरावयाचे. याच ठिकाणी एक बारीक उदाहरण येते. माणूस प्याला, त्यामुळे त्याचे डोके दुखू लागले आणि त्या डोकेदुखीने त्याची शुद्ध गेली, तर त्याचा तलाक लागू होत नाही. कारण शुद्ध दुखण्याने गेली, मद्याने नव्हे. औषध म्हणून घेतलेल्या 'बंज' या वनस्पतीनेही तसेच. बंज म्हणजे मुळात आपल्याकडील खुरासनी ओवा; पुढे भांगेलाही हा शब्द लावला जाऊ लागला. उत्तरकालीन हनफी विद्वानांनी यात आणखी भेद केला : औषध म्हणून घेतल्यास तलाक लागू नाही, चैनीसाठी घेतल्यास लागू.

परंतु इस्लामी परंपरेत हे एकच मत नाही. तिसरे खलिफा उस्मान यांचे मत नशेतील तलाक लागू होत नाही असे होते, असे बुखारींच्या संग्रहात नमूद आहे. हनफी पंथातीलच करखी आणि तहावी यांनी हेच मत स्वीकारले आणि खुद्द हिदायात त्याची नोंद आहे. शाफिई यांचीही दोन मते सांगतात, त्यांपैकी एक असेच आहे. शिया पंथात तर शुद्ध बुद्धी, स्पष्ट हेतू आणि दोन साक्षीदार यांवाचून तलाक होतच नाही. प्रार्थनेविषयीच्या आयतीत नशेची खूण 'काय बोलतो ते न कळणे' अशी सांगितली आहे. मग ज्याच्या बोलण्याला प्रार्थनेत किंमत नाही त्याच्याच बोलण्याने संसार कसा मोडावा, असा या बाजूचा युक्तिवाद आहे.

पहिल्या बाजूचेही म्हणणे आपण न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. नशेतील तलाक लागू नाही असे एकदा ठरले की, प्रत्येक पुरुष पुढे 'मी प्यालेला होतो' असे म्हणून मोकळा होईल. बायकोला मात्र आपण विवाहित आहोत की नाही हे कळणार नाही. शिवाय एखाद्या बाईला अशा नवऱ्यापासून सुटका हवीच असेल, तर नशेत का होईना, तो शब्द तिला मोकळे करतो. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

तरीही मला येथे एक मूलभूत अडचण दिसते. धाक बसावा म्हणून कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली. पण तो धाक बसतो कोणाला? पाप नवऱ्याने केले, बुद्धी नवऱ्याची गेली, शब्द नवऱ्याच्या तोंडून निघाला. आणि घर सुटले ते बायकोचे. शिक्षेचा पत्ता चुकला, असेच म्हणावे लागते.

आपल्या फौजदारी कायद्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ८५ व ८६ या कलमांनी आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील २३ व २४ या कलमांनी जवळजवळ हिदायासारखाच भेद केला आहे. कोणी फसवून किंवा जबरीने नशा दिली आणि त्यामुळे बऱ्यावाइटाची समज गेली, तर माणूस दोषी नाही. स्वतःहून नशा केली असेल तर मात्र शुद्धीवरील माणसाला जे ज्ञान असते तेच त्याला होते असे धरावयाचे. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या १९५६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व विशद केले : ज्ञान गृहीत धरता येते, हेतू मात्र परिस्थितीवरून ठरवावा लागतो. दोन्ही कायद्यांत गृहीतक एकच आहे. परंतु फौजदारी कायद्यात त्याचा भार करणाऱ्याच्याच डोक्यावर पडतो आणि तलाकात तो दुसऱ्याच व्यक्तीच्या डोक्यावर जातो. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

३. पुस्तकातला कायदा आणि न्यायाधीश

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेने दिवाणी बाबतींत देशाचा रिवाज, प्रतिवादीचा कायदा आणि न्यायबुद्धी यांचा आधार घेण्याची व्यवस्था केली. इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हते. शतकानुशतके चाललेल्या वादांतून त्यांना निश्चित नियम हवे होते. त्यामुळे झाले असे की, ग्रंथातील मुख्य मत तेवढे कायदा म्हणून उचलले गेले आणि त्याच पानावरील मतभेद मागे पडले. मुंबईचे पारशी विधिज्ञ सर दिनशा मुल्ला यांचे मुस्लिम कायद्यावरील पुस्तक आजही वकिलांच्या टेबलावर असते. त्यात स्वखुशीच्या नशेत दिलेला तलाक ग्राह्य, असा नियम एका वाक्यात येतो. करखी, तहावी किंवा उस्मान त्या वाक्यात नाहीत.

१९०५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे साराबाई विरुद्ध राबियाबाई हा खटला आला. न्यायमूर्ती बॅचलर यांनी एकाच वेळी दिलेला न परतणारा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्याने ग्राह्य आहे, अशा आशयाचा निर्णय दिला. पुढे १९३२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून या खटल्यात तोच धागा धरला. त्या प्रकरणात तलाक उच्चारल्यानंतर पतिपत्नी सुमारे पंधरा वर्षे एकत्र राहिली होती व त्यांना पाच मुले झाली होती. तरीही तलाक खरा मानला गेला आणि ती मुले अनौरस ठरली. एका शब्दाची किंमत पाच मुलांनी मोजली!

याच मुंबईत शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले आणि माथेरानला जन्मलेले असफ अली असगर फैझी (१८९९–१९८१) यांनी मुस्लिम कायद्याचा अभ्यास वेगळ्या दृष्टीने केला. शरीयत ही धर्मनीती आणि न्यायालयात बजावला जाणारा कायदा यांत फरक केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हमीद दलवाई यांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईच्या विधान भवनावर मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सात स्त्रियांचा मोर्चा म्हणजे संख्येने काहीच नव्हे. पण तोंडी तलाकाविरुद्ध पहिले जाहीर पाऊल म्हणून त्याचे मोल फार आहे.

४. बायकोच्या हातात काय आहे?

नवऱ्याच्या हातात शब्द आहे. मग व्यसनी नवऱ्यापासून सुटका हवी असलेल्या बाईच्या हातात काय? जुन्या हनफी मताप्रमाणे अगदी थोडे. नवऱ्याच्या संमतीने 'खुला' घेता येई. पण नवरा नाही म्हणाला तर काजीही तिला सहजी मोकळे करू शकत नसे. मालिकी पंथात मात्र नवरा पोसत नसेल, छळत असेल किंवा बेपत्ता असेल तर काजीला विवाह मोडता येई.

एकोणीसशे तीसच्या दशकात हिंदुस्थानातील हनफी विद्वानांनी, त्यांत मौलाना अश्रफ अली थानवी हे प्रमुख होते, अशा अडचणीत मालिकी मत स्वीकारावे असा निर्णय दिला. एका पंथाच्या मतामुळे लोकांची कोंडी होत असेल तर दुसऱ्या पंथाचे मत घेता येते, हे तत्त्व इस्लामी विधिशास्त्रात आधीपासून होते. काझी मुहंमद अहमद काझमी यांनी विधिमंडळात विधेयक मांडले आणि १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अस्तित्वात आला. तो बाहेरून लादलेला नव्हता, तर इस्लामी युक्तिवादातूनच उगवलेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमात स्त्रीला विवाह मोडून मागण्याची कारणे दिली आहेत : चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे पोषण न करणे, सात वर्षांची वा अधिक कैद, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य न पाळणे, वेड, क्रूर वागणूक इत्यादी. मी ही यादी दोनदा वाचली. तिच्यात व्यसन हा शब्द कोठेही नाही. म्हणजे 'माझा नवरा व्यसनी आहे' एवढे म्हणून भागत नाही. त्या व्यसनाचे घरात काय झाले ते दाखवावे लागते. तो वारंवार मारतो काय? घरात पैसा देतो काय? तिचे दागिने, तिची मालमत्ता विकून टाकली काय? हे प्रत्येक प्रश्न या कायद्याच्या कोणत्या ना कोणत्या पोटकलमात बसतात. शारीरिक मारहाण नसली तरी वागणुकीने जिणे असह्य केले तर तीही क्रूरताच, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

१९७० साली केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी युसूफ राउथर विरुद्ध सौरम्मा या खटल्यात म्हटले की, दोन वर्षे पोषण झाले नाही ही वस्तुस्थिती पुरेशी आहे. त्यात दोष कोणाचा हे पाहण्याचे कारण नाही. व्यसनाच्या संदर्भात हा विचार फार उपयोगी आहे. नवरा म्हणेल, 'मी आजारी आहे, मला कमावता येत नाही.' ते खरेही असेल. पण त्याचा आजार खरा असला तरी चूल पेटलेली नाही हेही खरेच आहे. कायद्याने येथे पापपुण्याचा हिशेब सोडून चुलीकडे पाहिले.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे दुःख एका धर्माचे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटाच्या कारणांत व्यसन हा शब्द स्वतंत्रपणे दिलेला नाही. तेथेही क्रूरतेच्याच दाराने जावे लागते. पिणाऱ्याच्या बायकोचा पदर कोणत्या पद्धतीने घेतलेला आहे, यावरून तिच्या डोळ्यांतील पाण्याची जात ठरत नाही.

५. आपल्या खंडपीठाचा निर्णय

आपल्या जिल्ह्यातील खटले अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) याच खंडपीठातील पूर्णपीठाने २ मे २००२ रोजी दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या लातूरच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. पोटगी मागणाऱ्या बायकोला 'मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे' असे कोर्टात नुसते सांगून नवऱ्याला सुटता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तलाकाला कारण हवे, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सर्व पुराव्याने शाबीत व्हावयास हवे. त्यासाठी न्यायालयाने कुराणाच्या चौथ्या अध्यायातील मध्यस्थ नेमण्याच्या आज्ञेचा आधार घेतला. हाच विचार न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी १९७८ साली गौहाटी उच्च न्यायालयात मांडला होता. १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात तो मान्य केला.

या निर्णयांत नशेविषयी नियम सांगितलेला नाही. परंतु त्यांचा परिणाम काढून पाहावा. ज्या तलाकाला कारण हवे, विचार हवा, मध्यस्थांची बैठक हवी, तो तलाक रात्री झिंगलेल्या माणसाच्या तोंडून एका क्षणात निघूच शकत नाही. बुद्धी होती की नव्हती हा जुना वाद सोडविण्याची गरजच उरत नाही. न्यायालयांनी दाराचे कुलूप तोडले नाही; दुसरे दार उघडले.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ओडिशातील भद्रक जिल्ह्यात २००३ साली एका नवऱ्याने दारूच्या नशेत तीनदा तलाक उच्चारला. शुद्धीवर आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. पतिपत्नीला एकत्र राहावयाचे होते. परंतु स्थानिक मंडळींनी त्यांना वेगळे राहण्यास भाग पाडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली न्यायालयाने सांगितले की, या दोघांना कोणीही जबरीने वेगळे करू शकत नाही. पुढे ७ जुलै २०१४ रोजी विश्वलोचन मदन खटल्यात फतव्याला कायद्याचे बळ नाही हेही स्पष्ट झाले.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांच्या बहुमताने एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही ठरविला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आता उलटे चित्र दिसते. नशेत असा तलाक उच्चारणाऱ्याला 'मला शुद्ध नव्हती' हे निमित्त फौजदारी कायद्यात सहसा उपयोगी पडणार नाही. आणि भार त्याच्याच डोक्यावर पडेल. शिक्षेचा पत्ता दुरुस्त झाला खरा. पण कमावता हात तुरुंगात गेला तर घर कसे चालावे? कायद्याने बायकोला निर्वाह भत्ता मागण्याचा आणि तिच्या इच्छेने प्रकरण मिटविण्याचा हक्क दिला आहे. तो तिला ठाऊक असला तरच उपयोगाचा.

इतर देशांनी हा प्रश्न अधिक सोप्या मार्गाने सोडविला. इजिप्तने १९२९ च्या पंचविसाव्या क्रमांकाच्या कायद्यात, पहिल्याच कलमात, नशेतील आणि जबरीचा तलाक लागू होत नाही असे म्हटले. हनफी परंपरेच्या देशाने करखी आणि तहावी यांचे मत उचलले. एका ओळीचे काम होते!

६. पापी, गुन्हेगार की रोगी?

आतापर्यंत मी नशा आणि व्यसन हे शब्द जवळजवळ बरोबरीने वापरले. वस्तुतः ते एक नव्हेत. जुने विधिज्ञ एका रात्रीच्या नशेचा विचार करीत होते. व्यसनी माणसाच्या बाबतीत 'स्वखुशी' हा शब्दच डळमळीत होतो. पहिला पेला स्वखुशीचा. हजारावा पेला कोणाच्या खुशीचा? हिदायातील डोकेदुखीचे उदाहरण येथे मला पुन्हा आठवते. दुखण्याने गेलेली शुद्ध वेगळी मानावी, हे तत्त्व तेथे आहे. व्यसन हेच दुखणे ठरले, तर ते तत्त्व कोठवर न्यावयाचे, हा कियासपुढील आजचा प्रश्न आहे.

आपला १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा या बाबतीत दुहेरी आहे. सेवन हाही त्यात गुन्हा आहे. परंतु ३९ व्या कलमाप्रमाणे न्यायालय व्यसनी माणसाला, त्याची संमती असल्यास, तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते आणि ६४-अ कलमाप्रमाणे जो व्यसनी स्वतःहून उपचार घेतो त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकल्यास ते काढून घेता येते. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यातील अनिवार्य मृत्युदंडाबाबत ठरविले की, न्यायाधीशाचा विवेक हिरावून घेणारी शिक्षा घटनेत बसत नाही. हद्द आणि ताझीर यांतील जुना भेद वेगळ्या वेषात पुन्हा आला, असे मला वाटले. शिक्षा ठरविताना माणसाकडे पाहावयाचे की नाही, हाच तो प्रश्न.

उपचाराची वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनी माणसाला पापी न म्हणता रोगी म्हणावयाचे आणि त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यावयाचे, हा विचार तेथे रुजला. आपल्या जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिले की, खेड्यातील फारशी न शिकलेली बाईसुद्धा गावाच्या आरोग्याची जबाबदारी पेलू शकते. औषधाचे ज्ञान जर असे घरोघर नेता येते, तर कायद्याचे का नेता येऊ नये?

उपसंहार

या अभ्यासातून मला तीन गोष्टी जाणवल्या. पहिली, इस्लामी विधिशास्त्र म्हणजे एकच कठोर मत नव्हे. त्यात उस्मान आहेत, करखी आहेत, मालिकी काजी आहेत आणि १९३९ साली त्यांतून मार्ग काढणारे हिंदुस्थानी मौलवीही आहेत. दुसरी, न्यायालयांनी जेव्हा पुस्तकातील एकच ओळ पाहिली तेव्हा अन्याय झाला आणि जेव्हा ओळीमागील कारण पाहिले तेव्हा न्याय जवळ आला. तिसरी, व्यसनी माणसाला पापी, गुन्हेगार की रोगी काहीही म्हटले तरी, त्याच्याविषयीचा निर्णय ज्या घरावर पडतो त्या घरातील बाईला कोणी विचारले पाहिजे.

नशेतील तलाक लागू मानावा की न मानावा, यावर विद्वानांनी शेकडो वर्षे वाद घातला. दोन्ही पक्षांनी पुरुषाच्या बुद्धीचा कीस काढला. बाईला सुटका हवी आहे की संसार हवा आहे, हा साधा प्रश्न त्या वादात फारसा आला नाही. १९३९ च्या कायद्याचे श्रेष्ठत्व यातच की, तेथे अर्ज बाईचा असतो आणि बोलणेही तिचे असते.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावण्याबरोबर एक दिवस कायद्याच्या साध्या माहितीसाठी ठेवावा. पोटगी कोठे मागावी, १९३९ चा कायदा काय देतो, मोफत विधी साहाय्य कोणाला मिळते, व्यसनमुक्तीसाठी स्वतःहून गेल्यास खटला का होत नाही, एवढे जरी आम्ही गावात सांगू शकलो तरी पुष्कळ. आमच्यापैकी अनेकांच्या घरात कायद्याचा कागद वाचणारे आम्हीच पहिले आहोत. तो कागद आपण शेजारच्या घरीही वाचून दाखविला, तर शिकल्याचे काही सार्थक होईल.